श्री. काढण्याची शास्त्रोक्त पद्धत

जावास्क्रिप्ट शिकायला घेतलेल्या प्रत्येकाच्या वाट्याला लवकरच एक यादी येते. ती सोसायटीचे सेक्रेटरी व्हॉट्सॲपवर पाठवतात. सोबत निरोप असतो, "तू कॉम्प्युटरचं करतोस ना, एवढी नावं जरा सरळ करून दे. पाच मिनिटांचं काम आहे." प्रस्तुत मार्गदर्शिका त्या पाच मिनिटांसाठी आहे.

आरंभी साधकाने एक तत्त्व पक्के करावे: स्ट्रिंग कधीही बदलत नाही. नावावर ट्रिम चालवले की दोन्ही टोकांच्या स्पेस छाटलेली नवी स्ट्रिंग हाती येते. मूळ नाव होते तसेच राहते. नवी स्ट्रिंग कुठेतरी साठवावी लागते. ती न साठवता "ट्रिम चालत नाही" म्हणणारे दर बॅचला निघतात. सेक्रेटरीही याच जातीचे. "काका, नावाआधी स्पेस देऊ नका," असं सांगितलं की "बरोबर आहे तुझं" म्हणतात, आणि पुढची यादी स्पेस देऊनच येते.

ट्रिम फक्त टोकांचं बघते. नावाच्या मध्ये काकांचा अंगठा रेंगाळलेला असतो तिथे तिचा इलाज नाही. अशा नावाचे स्पेसवर स्प्लिट केल्यास प्रत्येक जादा स्पेसमागे एक रिकामी स्ट्रिंग पदरात पडते. शेवटचा तुकडा आडनाव समजावा, असं धडे सांगतात. धडे लिहिणाऱ्यांनी काकांची यादी पाहिलेली नाही. काकांची उभी हयात सरकारी कचेरीत गेली, तिथे आडनाव आधी. निम्मी यादी तशी आणि निम्मी, सूनबाईंनी सांगितलं म्हणून, उलटी.

आता मुख्य विधी, म्हणजे नावाआधीचे "श्री." काढणे. रिप्लेसला शोधायची स्ट्रिंग दिली तर ती पहिलीच जागा बदलून थांबते. सगळ्या जागा बदलणारी रिप्लेसऑल २०२१ साली भाषेत आली. तेव्हा उत्साही साधकाने अख्ख्या यादीवर रिप्लेसऑल चालवून "श्री" काढावे व निकालाचे निरीक्षण करावे. तिसऱ्या मजल्यावरचे श्रीकांत नुसते "कांत" झालेले असतात, श्रीधर "धर" उरतात, जयश्रीबाईंचा "जय" होतो आणि श्रीखंड्यांच्या घरात "खंडे" राहायला आलेले असतात. टिंबासकट काढू म्हणून रेग्युलर एक्स्प्रेशनकडे वळणाऱ्याने टिंबाआधी उलटी तिरकी रेघ द्यायला विसरू नये. तिथे नुसत्या टिंबाचा अर्थ "कोणतंही एक अक्षर" असा होतो. ते सगळीकडून पुसायला सांगितलं की अख्खी सोसायटी क्षणात रिकामी होते. बिल्डरला हे इतक्या वर्षांत जमलेलं नाही.

शास्त्रोक्त मार्ग असा. नाव "श्री."ने सुरू होते का, हे आधी स्टार्ट्सविथला विचारावे. होत असेल तर स्लाइसने तेवढा भाग सोडून पुढचा घ्यावा. तेवढा म्हणजे किती? शाळेत श्री हे एक अक्षर होतं. जावास्क्रिप्टच्या हिशेबी ती चार आहेत: श, पायमोड, र आणि दीर्घ वेलांटी. टिंब धरून पाच. काकांनी पुढे स्पेस दिली असेल तर सहा, आणि ती दिली असेल की नाही हे काकांनाही सांगता येत नाही. म्हणून "श्री."ची लेंग्थ विचारून तिथून कापावे आणि उरलेल्यावर ट्रिम फिरवावी. याच कारणाने देवनागरी नाव स्प्लिट, रिव्हर्स, जॉइन करून उलटे करू नये. काने-वेलांट्या भलत्याच अक्षरांना जाऊन चिकटतात. क्लासमध्ये हा व्यायाम हटकून देतात. उलटं नाव आजवर माझ्याकडे कोणीही मागितलेलं नाही.

टूअपरकेस देवनागरीवर चालवण्यास हरकत नाही. काहीही होत नाही.

काही नावं रोमन लिपीत, आणि सगळी लहान अक्षरांत. ब्रेंडन आइकने १९९५ साली दहा दिवसांत ही भाषा उभी केली. तेव्हापासून तिच्यात कितीतरी मेथड आल्या, पण नावाचं पहिलं अक्षर मोठं करून देणारी एकही नाही. पहिलं अक्षर सुटं काढा, मोठं करा, बाकीचं स्लाइस करून मागे जोडा. चला.

फ्लॅट नंबर स्ट्रिंग म्हणून क्रमाने लावले तर १०२ हा ९ च्या आधी येतो, कारण तुलना डावीकडून एकेका अक्षराची होते. पॅडस्टार्टने पुढे शून्यं भरावीत. पूर्वी यासाठी लेफ्ट-पॅड नावाचं अकरा ओळींचं पॅकेज होतं. मार्च २०१६ मध्ये त्याच्या लेखकाने वादातून ते एनपीएमवरून काढून घेतलं आणि जगभरातल्या प्रकल्पांचे बिल्ड कोसळले. पुढच्या वर्षी पॅडस्टार्ट भाषेतच आली.

श्री.नंतर सौ., डॉ., ॲड. यांचीही तीच वाट लावावी. कै. काढू नये. ते काढलं की पहिल्या मजल्यावरच्या गृहस्थांना वार्षिक सभेचं अगत्याचं निमंत्रण जातं. फ्लॅट अजून त्यांच्याच नावावर आहे. त्यांच्या पत्नीला कागदपत्रांची घाई काका करत नाहीत. दर यादीत आठवणीने कै. तेवढं घालतात.

कंसही काढू नयेत. "(गावी)", "(मुलाकडे, दिवाळीपर्यंत)", "(दुपारी बेल नको, बाळ झोपतं)". इंडेक्सऑफने कंस शोधून तिथवर स्लाइस करणं सोपं आहे, आणि त्यातही मेख आहे: कंस नसेल तर इंडेक्सऑफ उणे एक देते, आणि ते स्लाइसला शेवट म्हणून दिलं की नावाचं शेवटचं अक्षर जातं. आधी उणे एक तपासा, कंसातलं वेगळ्या रकान्यात ठेवा. इतकी खबर ठेवणारा दुसरा डेटाबेस आपल्या इमारतीत नाही.

एवढे करूनही वऱ्हाडे दोनदा येतील, एक पैसे भरलेले आणि एक थकबाकीदार. काकांच्या फोनवर त्यातलं अर्धं र साध्या र, पायमोड आणि एका अदृश्य जोडचिन्हाने बनतं. तुमच्या लॅपटॉपवर ते नुक्त्याच्या ऱ पासून होतं. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, पण एकाची लेंग्थ आठ, दुसऱ्याची सात. ट्रिमला ते जोडचिन्ह स्पेस वाटत नाही. नॉर्मलाइझ या दोघांना एक मानत नाही. एक रूप पक्कं ठरवावं आणि दुसरं रिप्लेसऑलने त्यात बदलून घ्यावं. हे थकबाकीची नोटीस बोर्डावर लागण्याआधी करावं. लागली असेल, तर वऱ्हाडे जिना चढून येतील तेव्हा दार काकांना उघडू द्यावं.