श्री. चौकटराव यांना अनावृत पत्र

आदरणीय श्री. चौकटराव बाउंडिंगरेक्ट यांस,



पाणीपुरवठ्याच्या नकाशावर जलवाहिनीची एक तिरकी रेघ काढली आणि तिला जेमतेम सामावणारा आयत होऊन तिच्याभोवती आपण न बोलावता उभे राहिलात, याबद्दल प्रथम आभार. रेघ 300 पिक्सेल आडवी आणि 400 पिक्सेल उभी गेलेली. म्हणजे लांबी 500, जाडी 2, क्षेत्रफळ 1,000 पिक्सेल. आपण मात्र निदान 1,20,000 पिक्सेलवर ऐसपैस पाय पसरलेत. सातबाऱ्यावर एक गुंठा आणि कब्जा तीन एकरांवर, असा हिशेब आपणच जाणोत.

आपला विनय तर विलक्षण. एवढी मालमत्ता, पण पडद्यावर दिसायचे म्हणून नाही. रेघेपासून चांगला लांब असलेला व्हॉल्व्ह वापरकर्त्याला स्पष्ट दिसतो. तो नेम धरून क्लिक करतो आणि निवडली जाते जलवाहिनी. बिचारा माउस पुसून पाहतो. आपल्यावर संशय घेण्याची कोणाची छाती आहे?

व्हॉल्व्ह आधी काढला होता, जलवाहिनी नंतर. म्हणून झेड-क्रम, म्हणजे कोण वर नि कोण खाली याचा आकडा, सारखा असला की वरचा मान आपला. मागून येऊन पहिल्या रांगेत बसणे सगळ्यांनाच साधत नाही.

आपल्या जबाबदारीच्या जाणिवेला तर दंडवतच घालायला हवा. एकदा माउसचे बटण दाबल्याची वर्दी स्वीकारलीत, की ते सुटेपर्यंतची प्रत्येक हालचाल आपल्याच दारी येते. पॉइंटर कुठेही भटको. त्यामुळे व्हॉल्व्ह सरकवायला निघालेल्या माणसाने अख्खी जलवाहिनी शेजारच्या वॉर्डात नेऊन ठेवली. शहराचा असा झटपट विकास महापालिकेलाही जमलेला नाही.

वैतागून त्याने लागोपाठ दोनदा क्लिक केले, तेव्हाही आपण आतिथ्यात कमी पडला नाहीत. विंडोजच्या मूळ ठेवणीत दोन क्लिकमधले अंतर 500 मिलिसेकंदांच्या आत असले की तो डबल-क्लिक. व्हॉल्व्ह बंद करू पाहणाऱ्या माणसापुढे आपण जलवाहिनीचा व्यास विचारणारी खिडकी उघडून दिलीत!

गोल बटणावरही आपली अशीच कृपा. 100 पिक्सेल व्यासाच्या वर्तुळाबाहेर, चार कोपऱ्यांत मिळून सुमारे 2,146 पिक्सेल आपण क्लिकसाठी राखून ठेवता. बटण नसलेल्या जागीही बटण दाबले जाण्याचे हे सुख आपल्याशिवाय कोण देणार?

डब्ल्यूपीएफ या विंडोजवरच्या प्रोग्रामिंग साधनातले आपले भाऊबंदही कुळाचे नाव राखून आहेत. तिथे पार्श्वभूमी ‘ट्रान्सपरंट’ असेल तर ती क्लिक गिळते आणि ‘नल’, म्हणजे दिलेलीच नसेल, तर खाली जाऊ देते. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, हे त्या घराण्याचे सौजन्य.

आपल्या खऱ्या गुणांविषयी मात्र मनापासून लिहितो. पडद्याचा कोणता भाग नव्याने रंगवायचा, हे ठरवायला आपल्याइतका चपळ कोणी नाही. बिंदू आपल्या हद्दीत आहे का, हे कळायला चार तुलना पुरतात. पण ही झाली पहिली चाळणी. बिंदू खरोखर रेघेवर पडला का, हा पुढचा प्रश्न विचारायचाच असतो.

तो विचारायची सोय क्यूटी या प्रोग्रामिंग साधनाच्या ग्राफिक्स व्ह्यूमध्ये 2006 च्या 4.2 आवृत्तीपासून आहे. शेप() या फंक्शनमध्ये वस्तूचा खरा आकार सांगायचा. तो सांगितला नाही, तर आपलाच आयत आकार म्हणून धरला जातो. आमचे प्रोग्रामर बंधू इतके मनमिळाऊ, की ते फंक्शन लिहून आपल्याला दुखवायला धजत नाहीत. शिवाय क्लिक नको असेल तेव्हा इग्नोर() म्हणायलाही विसरतात. मग ती आपोआप स्वीकारलेली ठरते.

तेव्हा एक नम्र विनंती. रेघेभोवती 10 पिक्सेल रुंदीचा पट्टा आपल्या नावे करून देतो: एकूण 5,000 पिक्सेल. बारीक रेघ नेमकी पकडायला माणसाच्या हाताला तेवढी सैल जागा लागतेच. बाकीचे 1,15,000 आपण खालच्या व्हॉल्व्हांसाठी मोकळे करावेत. चाचणीच्या वेळी आपल्या हद्दीवर लाल रेघ मारणार आहोत. तिला सत्कार समजावे.

कळावे. पत्राअखेर ‘लोभ असावा’ असे लिहिण्याची रीत आहे, पण आपल्यापुढे ते धाडस होत नाही. आहे तो लोभच नकाशाला झेपेना.

आपला आज्ञाधारक,
एक क्लिक करणारा