वर जागा सोडा

कादंबरीची पहिली ओळ सुचायच्या आत तिचं मुखपृष्ठ रंगवून भिंतीला टेकवणारा लेखक तुमच्याही गावात असेल. महाड तालुक्यातल्या वीरमध्ये आहे. गाव त्यांना लेखकराव म्हणतं. "कादंबऱ्या किती झाल्या?" असं विचारलं की ते शांतपणे सांगतात, "अकरा मुखपृष्ठं तयार आहेत."

लेखकरावांना कुठल्याही दृश्याचा आधी वरचा भाग दिसतो. तिथे शीर्षक यायचं असतं. पुतणीच्या लग्नात फोटोग्राफर नवरा-नवरीला नीट उभं करत होता, तेवढ्यात हे मागून ओरडले, "वर जागा सोडा!" बिचाऱ्याने सोडली. अल्बममध्ये आता जोडपं गुडघ्यापर्यंतच आहे आणि वर मंडपाचा पंखा. शिमग्याला पालखी नाचत दारात आली, खांदेकऱ्यांनी ती उंच उचलली, तर हे ओटीवरून म्हणाले, "जरा खाली घ्या, वर जागा सोडा." गुरव त्यांच्याशी अजून नीट बोलत नाही.

खरा राग मात्र रेल्वेवर. रोह्याहून निघालेली कोकण रेल्वे १९९३ मध्ये आधी वीरपर्यंतच आली. तेव्हापासून फलाट, डोंगर आणि त्यावरचं मोकळं आभाळ ही चौकट लेखकरावांनी एका कादंबरीसाठी राखून ठेवली होती. पुढे मार्गावर विजेच्या तारा आल्या, २०२१ च्या ऑगस्टमध्ये रोहा–वीर दुपदरीही झाला. सगळा तालुका खूश. हे फलाटावर मान वर करून उभे. "शीर्षकावरून तारा नेल्यात," म्हणाले. स्टेशनावरच्या माणसाने त्यांना तक्रारवही दिली. त्यांनी वहीच्या पानावरही वर जागा सोडून तक्रार लिहिली.

त्यांचं म्हणणं अगदीच पोकळ नाही. मराठी वाचक चित्राला भुलून अंक उचलतो, हा जुना अनुभव आहे. का. र. मित्रांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तिथून दिवाळी अंकांची परंपरा धरतात. मडगावचे दीनानाथ दलाल १९४५ मध्ये स्वतःच 'दीपावली' काढू लागले, आणि घराघरांत त्यांची चित्रं जपून ठेवली गेली. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांतला झुंजार वाचकांना आधी दिसला तो रघुवीर मुळगावकरांच्या कुंचल्यातून. "अर्नाळकरांना मुळगावकर मिळाले," लेखकराव सुस्कारा टाकतात, "मला मीच मिळालो." दोन्ही कामं एकाच हाताने कशी होणार, असं कुणी म्हटलं की द. ग. गोडशांचं नाव काढतात: नेपथ्य त्यांचं, पुस्तकांची सजावट त्यांची, आणि 'मस्तानी' हे पुस्तकही त्यांचंच. मग गोडशांनी पुस्तक लिहून पूर्ण केलं होतं, याची आठवण बायको स्वयंपाकघरातून करून देते.

घोडं अडतं ते कण्यापाशी. पुस्तकाचा कणा किती जाड, हे पानं किती यावर ठरतं. मजकूर झाल्याशिवाय मुखपृष्ठ पुरं होत नाही. लेखकरावांनी यावर तोड काढली. कणा सव्वा सेंटिमीटर धरला, त्यावरून पानं २४० ठरवली, म्हणजे सोळा पानी फर्मे पंधरा. गोष्ट ११० पानांतच संपली. तेव्हापासून नायकाला गावभर फिरवणं चालू आहे. मध्यंतरी तो तीन पानं एसटीची वाट बघत होता.

एका दिवाळी अंकाला त्यांनी कथा पाठवली, सोबत चित्रही. कथा साभार परत आली. चित्र अंकावर छापून आलं, नाव कुठेच नव्हतं. मानधनाचं विचारलं तर उत्तर आलं, "तुम्हाला व्यासपीठ दिलं ना?" कथा खरोखरच बेतासबात होती. पण चित्र चांगलं होतं. स्टॉलवर अंक त्या चित्राने खपला. साहित्याच्या सेवेत फुकट राबवायला चित्रकार बरा सापडतो. कागदवाला उधारीवरही कुरकुरतो.

२२ जुलै २०२१ ला सावित्री नदीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरलं. टायपिंगला दिलेली हस्तलिखितं डीटीपीवाल्याच्या खालच्या खणात होती. त्यांचा लगदा झाला. घरी माळ्यावरची मुखपृष्ठं सुखरूप राहिली. गावाला वाटलं, आता हे वर्षभर रडगाणं गाणार. लेखकराव त्यावर चकार शब्द बोलले नाहीत. लोकांचे संसार चिखलात गेले होते. हे फावडं घेऊन महाडला गेले, आणि चिखल निघाल्यावर रंगांचे डबे घेऊन पुन्हा गेले. ओळखीच्या दुकानदारांच्या पाट्या एकेक करून रंगवून दिल्या. पैसे घेतले नाहीत. एकाने घाई केली, "नाव मोठं टाका, सगळी पाटी भरा." हे म्हणाले, "वर जागा सोडतोय. श्री यायचाय." दुकानदार काही बोलला नाही. बाजारात त्यांचा हात कुठे लागला, ते अजून पाटी बघून कळतं.

प्रकाशक आणि संपादक मंडळींपैकी कुणी वाचत असेल, तर दिवा–सावंतवाडी गाडी वीरला थांबते. मुखपृष्ठ लेखकरावांकडून जरूर करून घ्या. पैसे वेळेवर द्या आणि आत बारीक अक्षरात का होईना, नाव छापा. कथा घेतलीच पाहिजे असं नाही.