रायफलीवर दिवे लावण्याची शास्त्रोक्त पद्धत

अमेरिकेत रायफल विकत घेणे तुलनेने सोपे आहे. तिच्यावर बसवायचा दिवा निवडणे हे मात्र साधनेचे काम आहे. टेक्साससारख्या राज्यात सज्ञान आणि निष्कलंक गृहस्थ पार्श्वभूमीची तपासणी आटोपून त्याच दिवशी रायफल घेऊन घरी येऊ शकतो. दिव्यासाठी त्याला ल्युमेन, कँडेला, रेल, सेल, स्विच आणि वायर असा अख्खा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. तो पुरा होईपर्यंत अंगणात खुडबुडणारे रॅकून कचऱ्याचा डबा उलथून निघून गेलेले असते. तरीही इच्छुकाने धीर सोडू नये.

सर्वप्रथम रेल पाहावी. तापलेल्या नळीने हात भाजू नये म्हणून तिच्याभोवती जे आवरण असते, त्याला हँडगार्ड म्हणतात. त्यावर दातेरी पट्टी असेल तर ती बहुधा पिकॅटिनी रेल. न्यू जर्सीतल्या पिकॅटिनी आर्सेनल या लष्करी संशोधन केंद्रावरून तिला हे नाव पडले. (पार्सिपनीतल्या मराठी मंडळींना कल्पना असो वा नसो, हे केंद्र त्यांच्याच मॉरिस काउंटीत आहे.) फेब्रुवारी १९९५ मध्ये अमेरिकी लष्कराने तिचे मानक ठरवले: खाच ५.२३ मिलिमीटर रुंद, आणि एका खाचेच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत अंतर १०.०१ मिलिमीटर. त्याआधी वीव्हर नावाची पट्टी चालायची. तिच्या खाचा अरुंद, आणि त्यांच्यातले अंतर ज्याच्या त्याच्या मर्जीवर. त्यामुळे वीव्हरचे सामान पिकॅटिनीवर सहसा बसते. पिकॅटिनीचे वीव्हरवर बसेलच असे नाही.

दातेरी पट्टी नसून नुसतीच भोके दिसत असतील, तर इच्छुक एका धर्मयुद्धाच्या मैदानात उभा आहे. २०१२ च्या सुमारास कीमॉड ही पद्धत आली, पाठोपाठ मॅगपुल कंपनीची एम-लॉक आली, आणि अनेक वर्षे दोन्ही पंथांचे अनुयायी एकमेकांच्या भोकांना नावे ठेवत राहिले. अखेर अमेरिकी विशेष दलांच्या सांगण्यावरून नौदलाच्या क्रेन येथील केंद्राने दोन्हींची रीतसर परीक्षा घेतली. २०१७ मध्ये निकाल बाहेर आला तो एम-लॉकच्या बाजूने. जोडलेले सामान काढून पुन्हा बसवले की नेम किती सरकतो, या कसोटीत एम-लॉकचा सरासरी फरक १.३ मिनिटे आला, कीमॉडचा ४.९. मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग. शंभर मीटरवर ते साधारण तीन सेंटिमीटर भरते. लेझरच्या बाबतीत हा फरक फार मोठा. दिव्याच्या बाबतीत त्याला काहीही महत्त्व नाही, कारण मीटरभर रुंदीचा झोत दहा-बारा सेंटिमीटर सरकल्याने कोणाचे काही अडत नाही. तरीही दिवा घेणाऱ्याने ही आकडेवारी पाठ करावी. फायरिंग रेंजवर ती विचारली जाते.

आता ल्युमेन. दुकानात शिरणारा प्रत्येक जण आधी हेच विचारतो. स्ट्रीमलाइटच्या प्रोटॅक एचएल-एक्सवर १००० ल्युमेन लिहिलेले असते, शुअरफायरच्या एम६००डीएफवर १५००. आकडा ऐकून छाती दडपण्यापूर्वी इच्छुकाने स्वयंपाकघरात जाऊन मान वर करावी. तिथली जुनी छत्तीस वॉटची ट्यूबलाइट अडीच हजारांच्या आसपास ल्युमेन देते, आणि तिला आजवर कोणीही टॅक्टिकल म्हटलेले नाही. फरक एवढाच, की ट्यूब आपला उजेड पोह्यांपासून पंख्यापर्यंत सगळीकडे वाटून टाकते आणि रायफलीवरचा दिवा तो एका दिशेला ढकलतो. एका दिशेला किती जोर आहे, ते कँडेला सांगते. ल्युमेन म्हणजे एकूण उजेड. दूरच्या झुडपात डुक्कर आहे की शेजाऱ्याचे वासरू, हे ज्याला ओळखायचे आहे त्याने कँडेला विचारावे.

खोक्यावर झोताचा पल्लाही छापलेला असतो. टॉर्चसाठी अमेरिकेत २००९ मध्ये एफएल-१ नावाचे मानक आले. त्यानुसार कँडेलाचे वर्गमूळ काढून दोनने गुणले की पल्ला मीटरमध्ये मिळतो. २५,००० कँडेलाचा दिवा ३१६ मीटर, एक लाखाचा ६३२. म्हणजे कँडेला चौपट केले तर पल्ला दुप्पट होतो, आणि किंमत कितीपट होते ते विक्रेता सांगेल. पल्ल्याच्या टोकाला उजेड उरतो पाव लक्स, साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका. ज्याला ६३२ मीटरवर नेमके चांदणेच पाडायचे असेल त्याने थोडे थांबून पौर्णिमेला जावे. तो खर्च वाचतो. ‘दीड तास चालतो’ या दाव्याचेही तसेच. उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा काळ त्यात मोजतात.

घरापुरता दिवा हवा असणाऱ्याला ही सारी शक्ती उलटते. अमेरिकी घरांच्या भिंती फिक्या रंगाच्या. काळोखाला सरावलेल्या डोळ्यांनी बोळात दीड हजार ल्युमेन सोडले की चोराच्या आधी घरमालकाला काजवे दिसतात. टेक्सासच्या माळावर गोष्ट वेगळी. तिथे रानडुकरांनी शेतांचा उच्छाद मांडला आहे, आणि सप्टेंबर २०१९ पासून खासगी जमिनीवर मालकाच्या संमतीने त्यांची शिकार करायला हंटिंग लायसन्सही लागत नाही. तिथले पुष्कळ शिकारी लाल किंवा हिरवा दिवा लावतात. डुकराला तो कमी खटकतो असे ते मानतात.

सेलच्या बाबतीत घाई करू नये. सीआर१२३ए हा तीन व्होल्टचा लिथियम सेल वर्षानुवर्षे कपाटात टिकतो आणि थंडीतही काम देतो. पण तो वापरून फेकायचा असतो. १८६५० हा अठरा मिलिमीटर जाड आणि पासष्ट मिलिमीटर लांब, पुन्हा चार्ज होणारा. एक जुना, एक नवा असे सीआर१२३ए एकत्र घालण्याची काटकसर मात्र करू नये, त्यात सेल फुटण्याचा धोका असतो. स्वस्तातला साधा टॉर्च रिंगने आवळून रायफलीवर चढवण्याचा मोहही टाळावा. गोळी सुटताना बसणाऱ्या धक्क्याने आतला सेल क्षणभर स्प्रिंगपासून सुटतो, आणि टॉर्चला वाटते मालकाने बटण दाबले. मग पहिल्या गोळीला पूर्ण उजेड, दुसरीला मंद, तिसरीला लुकलुक, आणि चौथीला रायफल आपण होऊन एसओएस पाठवू लागते.

स्विच कोणता घ्यावा यावर मतभेद आहेत. दिव्याच्या बुडाशी असलेले बटण साधे आणि भरवशाचे. वायरीच्या टोकाला असलेला पॅड सोयीचा, पण ती वायर झुडपात, पट्ट्यात आणि गाडीच्या दारात अडकते. वायरीला कंटाळलेल्याने १९८४ चा ‘टर्मिनेटर’ पुन्हा पाहावा. त्यात अर्नोल्ड श्वार्झनेगरच्या पिस्तुलावर जो लाल लेझर आहे, तो लेझर प्रॉडक्ट्स या कंपनीने बनवला. हीच कंपनी पुढे शुअरफायर झाली. हीलियम-निऑनच्या त्या नळीला पेटायलाच दहा हजार व्होल्ट लागत. म्हणून बॅटरी त्याच्या जाकिटात दडवली होती आणि वायर बाहीतून पिस्तुलापर्यंत आणली होती.

आपल्याकडे जिम कॉर्बेटने रेल, पॅड आणि एम-लॉक यांवाचून भागवले. १९२६ च्या मे महिन्यात रुद्रप्रयागजवळ गोलाबरायला तो आंब्याच्या झाडावर बसला होता. खाली बांधलेल्या बकरीची घंटा वाजली, त्याने टॉर्चचे बटण दाबले, बिबट्याचा खांदा दिसला आणि त्याने चाप ओढला. सव्वाशे माणसे खाल्लेल्या त्या नरभक्षकाचा असा शेवट झाला.

कॉर्बेटला समोर काय आहे याची जवळजवळ खात्री होती, बटण दाबणे फक्त ती पक्की करण्यासाठी. घरातल्या काळोखात ती खात्री नसते. रायफलीवरचा दिवा जिकडे वळतो तिकडे नळीही वळते, त्यामुळे आवाज कसला आला हे बघायला तो वापरणारा माणूस आपल्या मुलावर किंवा उशिरा परतलेल्या भावावर बंदूक रोखत असतो. बटण आणि चाप जवळजवळ आले की आणखी वेगळे संकट. टेक्सासमधल्या प्लेनो शहरात २०१० मध्ये एका पोलिसाच्या गोळीने माणूस मेला. आपल्याला पिस्तुलावरचा फक्त दिवा लावायचा होता, असे त्या पोलिसाने सांगितले. म्हणून जाणते प्रशिक्षक रायफलीवर दिवा असला तरी खिशात वेगळा टॉर्च ठेवायला सांगतात. शोधायचे, पाहायचे, ओळखायचे ते त्याने. वर ज्या दिव्यासाठी एवढा अभ्यास झाला, त्याच्या वाट्याला त्यानंतरचे काही क्षण येतात, आणि बहुतेक घरांत तेही येत नाहीत.

बसवण्याचे काम रविवारी सकाळी करावे. दिवा नळीच्या टोकाकडे सरकवावा, नाहीतर नळीची सावली झोतात पडते आणि अर्धे अंगण काळे राहते. फार पुढे नेला तर तोंडाशी उडणारी काजळी काचेवर बसते. स्क्रूला निळे लॉकटाइट लावावे, आणि तो सैल झाल्यास कळावे म्हणून त्याच्या डोक्यावरून पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढावी. काजळीवर अमेरिकी नेमबाजांचा उपाय म्हणजे लिप बाम: काचेवर पातळसा थर द्यायचा आणि रेंजवरून परतल्यावर काजळीसकट पुसून काढायचा. बिनरंगी, बिनवासाचा घ्यावा. चेरीचा घेतल्यास दिव्याचे काही बिघडत नाही, मात्र तापल्यावर त्याला घमघमाट सुटतो.