पहिला नंबर, रिकामे हात

२०२५च्या आयपीएलमध्ये पंजाब किंग्ज चौदा सामन्यांत १९ गुण मिळवून गुणतक्त्यात पहिले आले. बक्षीस म्हणून २९ मे रोजी मुल्लानपूरच्या घरच्याच मैदानावर १०१ धावांत खुर्दा उडाला, आणि बंगळुरूने दहा षटकांत सामना उरकला. बाद फेरीत तक्त्यातल्या पहिल्या दोघांना दुसरी संधी असते हे खरे. पंजाबने ती साधून मुंबईला हरवले, पण ३ जूनची अंतिम लढत सहा धावांनी गेली आणि कर्णधार श्रेयस अय्यरचा सारा हंगाम ‘उपविजेते’ या खात्यात जमा झाला.

मोठ्या सामन्यात टिकेल तोच खरा, असे जाणकार सांगतात. मग याच मैदानावर १५ एप्रिलला अवघ्या १११ धावा राखून कोलकात्याला ९५वर गुंडाळणारे कोण होते? अमेरिकेत सिअ‍ॅटल मरिनर्सनी २००१च्या बेसबॉल हंगामात ११६ सामने जिंकले आणि अंतिम मालिकेचे तोंडही पाहिले नाही. अर्थात तक्त्यालाही देव्हाऱ्यात बसवायला नको: बंगळुरूचेही गुण १९च होते, पंजाब वर होते ते निव्वळ धावगतीने. तरीही दोन महिने तिकिटे विकून झाल्यावर त्या सामन्यांना सराव ठरवणे जरा अतीच. पण करंडक तक्त्यावरूनच दिला, तर जूनमधल्या जाहिराती कोणाला विकायच्या?