आष्टीच्या रस्त्यावर बहिरी ससाणा

स्पोर्ट टूरिंग म्हणजे काही काम नसताना लांबच्या गावी मोटारसायकलने वेगात जाणे आणि पोहोचल्यावरही कंबर शाबूत असणे. या जातीचा मूळपुरुष म्हणून बहुधा १९७६ च्या बीएमडब्ल्यू आर १०० आरएसचे नाव घेतात. वाऱ्याच्या बोगद्यात तपासून घडवलेले पूर्ण कवच घालून ती बाजारात आली. ताठ बसता येणारे हँडल, मऊ सीट, उंच काच आणि दोन्ही अंगांना सामानाच्या पेट्या, ही या गाड्यांची लक्षणे. ज्याला एवढा सरळमार्गी संसार मानवत नाही तो पर्याय शोधतो, आणि शोधता शोधता सुझुकी हायाबुसापाशी येऊन थांबतो.

हायाबुसा हा जपानी शब्द. आपल्याकडे या पक्ष्याला बहिरी ससाणा म्हणतात. सूर मारताना त्याचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या वर जातो. १९९९ मध्ये आलेली ही गाडीही तेवढीच पळे. वेगाची ही चढाओढ आवरेना, तेव्हा कंपन्यांनी आपसात समजुतीने २९९ वर काटा थांबवला. शंभरची वस्तू नव्याण्णवला विकण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. २०१६ पासून ही गाडी भारतात जुळवली जाते. सध्याच्या अवताराचे इंजिन १३४० सीसीचे, ताकद १९० अश्वशक्तीच्या घरातली आणि वजन २६६ किलो. चालक, हेल्मेट आणि त्याचा आत्मविश्वास यांचे वजन वेगळे.

शोरूममधली चाचणी फेरी चौकापर्यंत जाऊन परत येण्याची असते. तिसरा गिअर पडेपर्यंत शोरूम पुन्हा समोर दिसते. बैलबाजारात दात मोजून, शेपटी पिळून, चार पावले चालवून बैल घेतात, पण त्याची खरी पारख नांगराला जुंपल्यावर होते. म्हणून ही चाचणी जालना ते आष्टी अशी धरली आहे. आष्टीला रेल्वे नाही, ती परतूरपर्यंतच येते. तेव्हा मोटारसायकलने जाण्याला निदान एक कारण सांगता येते.

पहिली अडचण नावाची. महाराष्ट्रात आष्ट्या अनेक आहेत. बीड जिल्ह्यातली आष्टी तालुक्याचे ठिकाण आहे, वर्धा जिल्ह्यातली १९४२ च्या लढ्यातल्या हुतात्म्यांमुळे प्रसिद्ध आहे आणि गडचिरोलीतली वैनगंगेकाठी आहे. मोबाइलमध्ये नुसते ‘आष्टी’ लिहून निघालेला वेगवान स्वार चुकीच्या जिल्ह्यात विक्रमी वेळेत पोहोचू शकतो. आपली आष्टी जालना जिल्ह्याच्या परतूर तालुक्यात, परतूरच्या दक्षिणेला आहे.

जालन्याजवळून समृद्धी महामार्ग जातो. ताशी ३०० च्या गाडीला शोभेल असा हाच एक रस्ता, पण त्यावर दुचाकींना बंदी आहे. त्यामुळे ससाणा मंठ्याच्या रस्त्याला लागतो आणि वाटूर फाट्यावरून परतूरकडे वळतो. पुढे शेगाव आणि पंढरपूर यांना जोडणारा महामार्ग आष्टीवरून गोदावरी ओलांडतो आणि माजलगावला जातो. दुचाकीला वेगमर्यादा दुपदरीवर ६० आणि चौपदरीवर ८०. हायाबुसा पहिल्या गिअरमध्येच शंभरी ओलांडते, म्हणजे उरलेले पाच गिअर कायद्याच्या दृष्टीने शोभेचे. शेजारच्या घनसावंगी तालुक्यात जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव आहे. त्यांनी बारा वर्षे देशभर भ्रमण केले, तेही पायी. त्या मानाने जालना-आष्टी ही फेरी म्हणजे चहा घेऊन येण्यासारखी.

खरी परीक्षा गतिरोधकावर होते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, म्हणजे ताशी २५ च्या वेगाने अलगद ओलांडता येईल असा हवा. हायाबुसाचे पोट जमिनीपासून १२५ मिलिमीटरवर. कागदावर अडीच सेंटिमीटरची सवलत उरते. पण खेडोपाडी गतिरोधक मानक वाचून बांधत नाहीत. एखादे पोर गाडीखाली येता येता वाचले की आठवडाभरात रस्त्यावर मुरमाचा ढीग पडतो, आणि त्याची उंची त्या दिवशीच्या संतापाप्रमाणे ठरते. अशा ठिकाणी स्वार थांबतो, पाय टेकवतो, गाडी तिरकी घालतो आणि घासल्याचा आवाज येतोय का ते कान देऊन ऐकतो. याच वेळी मागून कोणीतरी शंभर सीसीच्या गाडीवर दुधाचे दोन कॅन अडकवून, एका हाताने मोबाइल कानाला लावून तो ढीग ओलांडून जातो.

महामार्ग सोडून शिवाराच्या रस्त्याला लागले की काळी माती भेटते. ही माती पाण्याने फुगते आणि उन्हाने भेगाळते. तिच्यावरचा डांबरी रस्ताही मग तिच्याबरोबर वरखाली होतो आणि सपाट पठारावर बोटीत बसल्याचा अनुभव येतो. पावसाळ्यात ती चाकाला बिलगते आणि मडगार्डमध्ये घर करते. चाक घसरू नये म्हणून हायाबुसात दहा पायऱ्यांचे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आहे. काळ्या रानातल्या चिखलासाठी अकरावी पायरी लागली असती. उसाच्या हंगामात समोर दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर असतो. त्याला मागचे दिवे नसतात, पण गाणी मात्र दणदणीत वाजतात. रात्री त्याचा ठावठिकाणा डोळ्यांपेक्षा कानांनी लवकर लागतो.

आष्टीत गाडी थांबली की चाचणीचा दुसरा भाग सुरू होतो, तो गाव घेते. पहिला प्रश्न किमतीचा: “केवढ्याला पडली?” आकडा ऐकताच हिशेब तिथेच होतो, “दोन ट्रॅक्टर आले असते.” मग ताकदीची चौकशी. शेतकी पुस्तके एका बैलजोडीची ताकद साधारण एक अश्वशक्ती धरतात. या मापाने हायाबुसा म्हणजे १९० बैलजोड्या, पोळ्याच्या दिवशी वेशीत मावणार नाहीत इतक्या. मात्र औत तिला ओढता येत नाही, हे कळल्यावर या आकड्याचे कौतुक ओसरते. शेवटचा प्रश्न ॲव्हरेजचा. लिटरला पंधराच्या आसपास, असे उत्तर मिळाल्यावर जमलेली मंडळी गप्प होतात. एखादा वडीलधारा स्वाराच्या खांद्यावर हात ठेवून “होईल कमी-जास्त” असा धीर देतो आणि चहा सांगतो.

बसण्याचा निकाल मनगटे देतात. हँडल खाली आणि पुढे असल्यामुळे अंगाचा भार हातांवर येतो. वेग वाढला की समोरचा वारा छातीला उचलून धरतो आणि हात मोकळे होतात. पण ६० च्या वेगाला तेवढा वारा मिळत नाही, म्हणून नियम पाळणाऱ्याचीच मनगटे जास्त दुखतात. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि रेडिएटरचा पंखा स्वाराच्या मांड्यांना ऊब देतो. मागच्या माणसाला धरायला काहीतरी, पाय ठेवायला आधार आणि चाकाला आडोसा असावा, असा भारतीय नियम आहे. त्याचे आसन मऊ असावे, असे मात्र नियमात कुठे म्हटलेले नाही.

याच कामाला बजाजची डोमिनार ४०० निम्म्याहून कितीतरी कमी पैशांत मिळते. तिचे इंजिन ३७३ सीसीचे, ताकद ४० अश्वशक्तीची, आणि २०२१ पासून उंच काच, हातांचे आडोसे व मागचे कॅरिअर कारखान्यातूनच बसवून येते. ससाण्याला कॅरिअर नाही.

ही उणीव परतीच्या वेळी कळते. आष्टीतून पाहुण्याला रिकाम्या हाताने जाऊ देत नाहीत. मोसंबीची गोणी गाडीभोवती दोनदा फिरवून पाहिली जाते. कुठे बांधावी हे ठरत नाही, म्हणून ती शेजाऱ्याच्या शंभर सीसीच्या गाडीवर चढते आणि दोन्ही गाड्या बरोबरच परतूरकडे निघतात. स्टँडसमोर हायाबुसा येते तेव्हा गोणी उतरवून झालेली असते आणि शेजाऱ्याचा चहा अर्धा संपलेला असतो.