प्लगकाका

लालबाग-परळच्या कुठल्याही गल्लीत गाडीचं बॉनेट उघडलं, की दोन मिनिटांत तिथे एक गृहस्थ उगवतात. अंगात हाफ शर्ट, पायात स्लिपर, हात मागे बांधलेले. गॅसवर दूध उतू गेलेलं त्यांना शेजारच्या खोलीत कळत नाही, पण तिसऱ्या मजल्यावरून बॉनेटचा खटका बरोबर ऐकू येतो. आधी ते काहीच बोलत नाहीत. वाकून बघतात, नाकाने हवा ओढतात आणि निकाल देतात, "प्लग."

गाडी सुरू होत नाही? प्लग. ॲव्हरेज देत नाही? प्लग. हॉर्न वाजत नाही? "ते नंतर बघू, आधी प्लग काढ."

काकांकडे गाडी नाही. कधीच नव्हती. लायसन्सही नाही. परळच्या रेल्वे वर्कशॉपमधून ते निवृत्त झाले, म्हणून प्रत्येक वाक्य "आमच्या वर्कशॉपला" असं सुरू होतं. तिथे ते स्टोअरमध्ये कारकून होते, हे अख्ख्या चाळीला ठाऊक आहे, पण कुणी उच्चारत नाही. आणि जन्मभर ज्याने नट-बोल्ट नुसते मोजून दिले, त्याचं प्रेम ते पिळणाऱ्यापेक्षा जास्तच असणार.

त्यांचं राज्य होतं ते प्रीमियर पद्मिनीच्या काळात. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली ती काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे चार सिलिंडर, चार प्लग, एक कॉइल आणि एक डिस्ट्रिब्यूटर. सगळं डोळ्यांसमोर, हाताला लागेल असं. काका काढलेला प्लग उन्हात धरून ज्योतिषाच्या थाटात वाचत. बिस्किटासारखा तपकिरी असेल तर गाडी निरोगी. काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. तेलकट ओला म्हणजे रिंगा गेल्या. पांढराफटक म्हणजे इंजिन तापतंय. यातलं एक अक्षरही खोटं नाही, हीच काकांच्या बाबतीतली पंचाईत. गॅप मोजायला ते खिशातून हॅकसॉ ब्लेडचा तुकडा काढत. फीलर गेज नसलं तर गॅरेजातले कारागीरही तेच करत.

एकदाच घोळ झाला. उत्साहाच्या भरात त्यांनी एका टॅक्सीच्या चारही प्लगवायरी एकदम उपटल्या. फायरिंगचा क्रम १-३-४-२, हे काका झोपेतही सांगतील, पण कुठली वायर कुठली, हे त्या वायरींना कोण सांगणार? टॅक्सीने भारतमाता सिनेमासमोर असा बार काढला, की मंडळाची पोरं मिरवणूक निघाली समजून खाली आली.

तारदेवच्या आरटीओत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ला नोंदवली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा. म्हणजे ३० ऑक्टोबर २०२३पासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी नाही. त्या दिवशी काकांनी दाढी केली नाही. तेव्हापासून ते जे मिळेल त्यावर भागवतात. मागे गणपतीच्या दिवसांत मंडळाचा टेम्पो बंद पडला.

"प्लग बदल."

"काका, डिझेल आहे. डिझेलला स्पार्क प्लग नसतो."

काका क्षणभर थांबले. "म्हणूनच तर बंद पडला."

परवा मात्र खरी संधी चालून आली. मंडपवाल्याचा सीएनजीवरचा जुना छोटा हत्ती रिकामा असला की छान पळायचा, बांबू भरून लालबागच्या पुलावर चढला की खोकायचा. इंजिन सीटखाली. मंडपवाल्याच्या पोराने सीट उचलून पाना लावला, तोच मागून आवाज, "थांब! गरम इंजिनात प्लग काढशील तर हेडचे आटे जातील. गार होऊ दे." हेही बरोबरच. इंजिन गार होईपर्यंत दोन चहा झाले, अर्थात पोराच्या पैशाने. मग, "नवीन प्लग आधी हाताने फिरव. पाना शेवटी. आणि जोर लावू नको, तो काय मंडपाचा खांब नाही." पोराने ऑपेरा हाऊसहून आणलेले दोन्ही प्लग नीट बसवले. गाडी सुरू झाली, पुलावर गेली आणि तिथेच खोकली.

शेवटी मेकॅनिकला बोलावलं. त्याने अंधार पडू दिला आणि इंजिन चालू ठेवून वाकून बघितलं. कॉइलला बारीक तडा होता, त्यातून निळी ठिणगी बाहेरच बॉडीवर उडत होती. गॅस पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, चढावर दाब वाढला की त्याहून जास्त. तेवढी वीज प्लगपर्यंत पोचतच नव्हती. त्याने नवीन कॉइल टाकली. गाडी भरल्या बांबूंनी पूल चढून उतरून आली.

सगळ्यांनी काकांकडे पाहिलं.

"मी दुसरं काय म्हणत होतो? प्लगला वीजच मिळत नाही!" आणि लगेच मेकॅनिककडे वळून, "मजुरीचे पन्नास कमी कर. रोगनिदान आमचं होतं."

मेकॅनिकने पन्नास कमी केले. काकांनी ते पोराच्या हातात ठेवले, जुनी कॉइल पिशवीत टाकली आणि म्हणाले, "चल, आता तिसरा चहा."