‘पहले आप’ची लोकशाही

लखनऊच्या दक्षिणेस, रायबरेली मार्गालगत, आवास विकास परिषदेने वसविलेल्या वृंदावन योजनेत काय किंवा जुन्या चौकात काय, दिल्लीच्या तख्तावर कोण बसावे याविषयी मध्यरात्रीपर्यंत वितंडवाद घालणाऱ्या सद्गृहस्थास दारातल्या गटाराचा कारभारी निवडणे मात्र आपल्या बौद्धिक इभ्रतीस शोभेसे वाटत नाही. म्हणूनच ४ मे २०२३ रोजी महापौर आणि ११० प्रभागांचे नगरसेवक निवडण्याचा प्रसंग आला, तेव्हा निम्म्याहून अधिक मतदारांनी ‘पहले आप’ या खानदानी तहजिबीचे इतक्या निष्ठेने पालन केले, की मतदानकेंद्राच्या उंबरठ्यावर त्यांची पावले अखेरपर्यंत उमटलीच नाहीत.

एका मताने काय होते, असे पुसणाऱ्यांनी मुंबई महापालिकेचे २०१७ चे दप्तर उघडावे: प्रभाग २२० मध्ये दोघा उमेदवारांस अखेर प्रत्येकी ५,९४६ मते पडून निकाल चिठ्ठी टाकून लावावा लागला, एखाद्या गिरगावकराने वामकुक्षी तेवढी आवरती घेतली असती, तर नियतीस ही तसदी पडती ना.

मत न देणाऱ्यासही तक्रारअर्ज गुदरण्याची मुभा आहे, ही लोकशाहीची थोरवीच. फक्त त्या अर्जाचा कैवार घेणारा इसम इतरांच्या पसंतीचा असतो, एवढेच.